बाकावर न बसलेला लॅपटॉप

नाकेदारांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कंपनीत कुणी उरलं नव्हतं. दारावर 'संगणक विभाग' अशी पाटी होती, पण खोली जिन्याखालची, वर माणसं चढली-उतरली की छताची धूळ टेबलावर पडायची. त्या खोलीतून परवानगी मिळाल्याशिवाय बाहेरचा एकही संगणक आत जात नसे, म्हणून ते नाकेदार. नाव मीच ठेवलं होतं, चिडून.

मी पुढच्या टेबलाची बाई. आल्यागेल्याची चौकशी करायची, पाहुण्याला बसवायचं आणि त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग दिसली की ती काढून घ्यायची. हे शेवटचं काम नाकेदारांनी माझ्या गळ्यात मारलेलं. सुटाबुटातला माणूस घाईघाईने आत निघालेला असतो आणि आपण त्याला म्हणायचं, साहेब, लॅपटॉप द्या. त्यावर तो आपल्याकडे असा बघतो की जणू आपण त्याचे बूट मागितले. शिव्या मी खायच्या आणि नियम नाकेदारांचे. माझ्या अंगाची लाही व्हायची.

बॅग त्या खोलीत गेली की लॅपटॉप बाकावर बसायचा. बाक म्हणजे भिंतीला लागून असलेलं एक लांब लाकडी फळकूट. त्याला वेगळी तार, वेगळी पेटी, कंपनीच्या तारांशी काही संबंध नाही. तिथे नाकेदार तो उघडायचे, चाळायचे, आत काही रोगट दडलंय का ते शोधायचे. आणि हे सगळं सुरू करण्याआधी मालकाला एकच प्रश्न, "आधी कुठे जोडला होता?" काल कुठे, परवा कुठे, घरी कुणाकुणाच्या हातात असतो, मुलं त्यावर खेळतात का. लोक वैतागायचे. चेहऱ्यावरची माशी हलू न देता नाकेदार पुन्हा विचारायचे. सगळं ठीक निघालं की लॅपटॉपच्या पाठीवर हिरवं स्टिकर. ते पाहिल्याशिवाय मी कुणाला पुढे सोडायचं नाही.

कंपनीच्या तारांचं जाळं त्यांनी घरासारखं वाटून ठेवलं होतं. पाहुण्यांसाठी ओसरी, तिथून फक्त बाहेरचं इंटरनेट. कार्यालयातल्या आमच्यासारख्यांसाठी माजघर. आणि कारखान्यातली यंत्रं जिथे जोडलेली, ते कोठार. आमची कंपनी सलाईनच्या बाटल्या भरते. बाटल्या वाफेच्या भट्टीतून जातात आणि भट्टी किती तापली, किती वेळ तापली, ते सगळं संगणकात आपोआप नोंदलं जातं. ती नोंद नसेल तर बाटली विकता येत नाही, मग ती कितीही शुद्ध असो. भट्टीचे संगणक पार म्हातारे. त्यांच्यात नवं काही घालायला गेलं की बंदच पडायचे. "या म्हाताऱ्यांना साधी सर्दी झाली तरी आटोपलं," नाकेदार म्हणायचे. म्हणून कोठारावर त्यांचा डोळ्यात तेल घालून पहारा.

एकदा मोठे साहेब परदेशातून आले आणि थेट आपल्या खोलीकडे निघाले. नाकेदारांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "साहेब, लॅपटॉप बाकावर."

"अहो, माझा आहे!"

"होता. आता पंधरा दिवस बाहेर राहून आलाय."

साहेबांनी मुकाट्याने बॅग दिली. तो दिवस संपेपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. मनातून मात्र मलाही बरं वाटलं होतं, हे कबूल करते. सगळ्यांना सारखा त्रास देणारा माणूस निदान सोसता तरी येतो.

घरी या माणसाचं एकच माणूस होतं, त्यांची मुलगी. ते तिला ठकी म्हणायचे. बायको लवकर गेली, ठकी तेव्हा शाळेत होती. सुट्टीच्या दिवशी तिला घरी कुणाजवळ ठेवायचं, म्हणून ते तिला घेऊन यायचे. वेणी त्यांनीच घातलेली असायची, एक बाजू वर, एक खाली. मी ती सोडून पुन्हा घालायचे. तिची मी मावशी झाले ती तेव्हापासून. पोर बाकाखाली बसून जुन्या तारा सोलायची, आणि मोठी होऊन शिकली तेही यंत्रांच्या संगणकांचंच. नाकेदारांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. बढाई मारायची सवय त्यांना नव्हती, पण ठकीचा विषय निघाला की हा रुक्ष माणूस ओळखू येत नसे.

लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. तिचं मूल सतत आजारी, म्हणून काही वर्षं घरीच बसली. मूल सावरल्यावर पुन्हा नोकरी शोधायला लागली, तर मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल सगळे नाकं मुरडत. शेवटी मिळाली ती नेमकी आमच्या भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत. लॅपटॉप घेऊन कारखान्या-कारखान्यांतून हिंडायचं, भट्टीला जोडायचा, बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा. नोकरी अजून कच्ची होती, वर्ष पुरं झालं की पक्की व्हायची. त्या धंद्यात जग लहान. एकदा नाव खराब झालं की कुठल्याच कारखान्याचं फाटक उघडत नाही. नवऱ्याचं काम तेव्हा डळमळीत, मुलाची औषधं चालू. घर ठकीच्या या नोकरीवर उभं होतं.

आमच्या भट्टीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती महिनाभरासाठी वडिलांकडे राहायला आली. नाकेदार नवे शर्ट घालून यायला लागले. डब्यात रोज ताजं काहीतरी असायचं आणि ते मला मुद्दाम दाखवून खायचे.

"बाई, लेकीच्या हातचं."

"आम्ही काय आमच्या हातची माती खातो का?" मी म्हणायचे.

पहिल्या दिवशी ठकीने स्वतःहून लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. तिच्या कंपनीचाही नियमच होता, गिऱ्हाइकाने तपासल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. नाकेदारांनी तो बाकावर ठेवून तपासला, तिला प्रश्न विचारले, स्टिकर लावलं. रोज बाहेर जाणारा लॅपटॉप रोज बाकावर बसायचा. तसं काही दिवस चाललं.

मग तो दिवस. भट्टी पहाटेपासून अडली होती, मोठे साहेब खाली येऊन उभे राहिलेले, फोनवर फोन. ठकी आली तशी घाईत बॅग माझ्यापुढे ठेवायला लागली. नाकेदार माझ्या टेबलापाशीच तिची वाट बघत होते.

"राहू दे, राहू दे. हिचा मी काल संध्याकाळी घरी बघितलाय," ते मला म्हणाले. जादा स्टिकरं माझ्या खणात असायची, त्यातलं एक त्यांनीच घेतलं, जुन्यावर चिकटवलं.

ठकी थबकली. "बाबा, बाकावर नको का?"

"अगं, मीच बघितलाय ना? पळ."

ती पळाली. मी म्हटलं, आज नाक्यावर वशिला चालला वाटतं. ते हसले. इतका खूश झालेला तो माणूस मी क्वचित पाहिला होता. लेक धावत भट्टीकडे जातेय, साहेब तिची वाट बघतायत, आणि दार आपण उघडून दिलंय. त्या क्षणी कुठल्या बापाला बाक आठवला असता, सांगा.

ठकीने दुपारच्या आत भट्टी चालू करून दिली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा संगणक उघडला तर पडद्यावर एक काळी पाटी, तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलंय, सोडवून हवं असेल तर बोला. शेजारच्या टेबलावर तेच. वरच्या मजल्यावर तेच. भट्टीच्या म्हाताऱ्या संगणकांवरही तेच. नाकेदार धावत आले आणि हाताने तारा उपटायला लागले, पण तोवर सगळीकडे पसरलं होतं. भट्टीच्या नोंदी गेल्या. राखून ठेवलेल्या प्रतीही त्याच तारेवर होत्या, त्याही गेल्या.

नोंदी गेल्या म्हणजे गोदामातल्या बाटल्या गेल्या. त्या शुद्ध होत्या हे सगळ्यांना ठाऊक, पण सिद्ध कशाने करणार? सरकारी माणूस आला, बघून गेला, आणि ओतून टाकायचा हुकूम आला. मागच्या अंगणात बायका रांगेने बसून कात्रीने बाटल्या कापत होत्या आणि गटारात रिकाम्या करत होत्या. दिवसभर तो आवाज. इस्पितळांतून फोन यायचे, माल कधी येतो? पुढच्या टेबलाची बाई मी, उत्तर मीच द्यायचं. एका नर्सने मला विचारलं, मग आम्ही आजाऱ्यांना काय लावू? रोजंदारीवरच्या माणसांना पुढचं कळेपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

आता हे आलं कुठून? त्या दिवशी आत आलेले सगळे बाहेरचे लॅपटॉप साहेबांनी ठेवून घेतले आणि शोध घ्यायचं काम नाकेदारांवरच सोपवलं. तसं दुसरं होतं तरी कोण? लोकांनी मात्र आधीच ठरवून टाकलं होतं. मालवाहतूकवाल्यांचा एक कारकून रोज यायचा, गाड्यांच्या फेऱ्या जुळवायला. त्याच्या लॅपटॉपची बिजागरी मोडलेली, चिकटपट्टीने बांधलेली. त्यावर सिनेमे बघताना तो एकदा सापडला होता. झालं, खापर त्याच्यावर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला आत घेणं बंद केलं. तो बिचारा बाहेर पायरीवर बसून राहायचा आणि दिसेल त्याला सांगायचा, माझा तर बाकावर ठेवला होता हो. मालवाहतूकवाले त्याला काढायच्या बेतात होते.

नाकेदार दिवसभर खोलीतून बाहेर पडेनात. चहा नेऊन ठेवला की तसाच साय धरायचा. तिसऱ्या दिवशी मी दार लोटून आत गेले. बाकावर चार-पाच लॅपटॉप मांडलेले, आणि नाकेदार एकाच लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. तो कुणाचा हे मला लांबूनही कळलं.

"बाई, दार लावा," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या घरातून आलं."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी सांगितलं ते असं. भट्टी अडली त्याच्या आदल्या संध्याकाळी ठकी ताटावर बसली असताना त्यांनी तिचा लॅपटॉप खरोखरच तपासला होता, आणि तो तेव्हा साफ होता. पण सकाळी ती घरून निघाली आणि वाटेत तिच्या साहेबाचा फोन आला, जाता जाता वाटेवरच्या त्या बाटल्यांच्या बुचांच्या कारखान्यात डोकावून जा, पाच मिनिटांचं काम आहे. तिने तिथे लॅपटॉप जोडला. रोग तिथला. पाच मिनिटांत तिला चिकटला आणि आमच्याकडे आला. लॅपटॉपमध्ये वेळेसकट सगळं दिसत होतं.

"आणि तुम्ही तिला विचारलं नाही," मी म्हटलं.

"नाही. जगाला विचारतो. तिला नाही विचारलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला बघवेना. मी सरळ बोलले. म्हटलं, हे तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. स्टिकर लागलेलं आहे. लिहा की कुठून आलं ते कळत नाही. जगात असं रोज होतं. पोरीची नोकरी महिन्या-दोन महिन्यांत पक्की होईल.

"आणि तो पायरीवर बसलाय तो?"

"त्याला मिळेल दुसरी. नाहीतर लिहा ना, की त्याचाही नाही. कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही म्हटलं तर लोक त्याचाच धरतील. धरलाच आहे."

"तर धरू द्या!" मी ओरडलेच. "तो तुमचा कोण लागतो?"

त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं, एवढंच. मी उठून आले. लोक आजही म्हणतात, नाकेदार म्हणजे सोन्यासारखा माणूस. असेल. माझं मत तेव्हा होतं तेच आहे, त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

चौकशी त्यानंतर तीन दिवसांनी वरच्या मोठ्या खोलीत झाली. मोठे साहेब, ठकीच्या कंपनीचा साहेब, नाकेदार, ठकी. मला बोलावलं ते स्टिकरांचं सांगायला. ठकी मला बघून हसली. तिला काही म्हणता काही माहीत नव्हतं. आपण भट्टी कशी दुरुस्त केली ते विचारतील, अशा समजुतीने ती कागद काढून बसली होती.

साहेबांनी पहिल्यांदा मलाच विचारलं, "त्या दिवशी आत गेलेला प्रत्येक लॅपटॉप बाकावर बसला होता?"

"हो," मी म्हटलं. आवाज अजिबात हलला नाही माझा.

"बाई खोटं बोलतायत," नाकेदार म्हणाले. "माझ्यासाठी बोलतायत. एक बसला नव्हता."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बुचांचा कारखाना, सकाळचा फोन, माझ्या खणातलं स्टिकर. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "दार मी उघडलं. नियम माझा, मीच मोडला. तिने बाकाचं विचारलं होतं, मी नको म्हटलं. जी काय शिक्षा असेल ती मला द्या."

ठकी वडिलांकडे बघत होती आणि ते टेबलाकडे.

मोठे साहेब तिच्याकडे वळले. "तपासणीचा नियम तुम्हाला माहीत होता?"

"हो."

"लॅपटॉप बाकावर ठेवला नाही, हेही माहीत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही तो भट्टीला जोडलात. का?"

"बाबा म्हणाले म्हणून."

तिच्या कंपनीच्या साहेबाने पेनाचं टोपण लावलं. "कामाच्या ठिकाणी बाबा कुठून आले?" तो म्हणाला. त्याला उत्तर नको होतं.

नाकेदारांना वाटलं होतं की चूक आपण पदरात घेतली म्हणजे ती आपल्याच पदरात राहील. इतकी वर्षं कंपनीत काढून या माणसाला कंपनी कळली नव्हती. आपल्या माणसाची चूक धरली तर नुकसान आपलं. बाहेरच्या माणसाची धरली तर भरपाई मागता येते. अहवालात आलं की बाहेरील कंपनीच्या अभियंत्याने तपासणी झालेली नाही हे ठाऊक असताना जाणूनबुजून आपला संगणक जोडला. नाकेदारांबद्दल एकच ओळ, प्रामाणिक सहकार्याबद्दल समाधान. ठकीला तिच्या कंपनीने आठवडा संपायच्या आत काढलं, आणि का काढलं हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना कळवलं.

नाकेदारांनी राजीनामा दिला. साहेबांनी तो खणात ठेवून दिला आणि म्हणाले, तुमच्यासारखा माणूस जाऊन कसं चालेल? ते पुन्हा गेले, हात जोडले, अहवाल बदला म्हणाले. साहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. कारकून पायरीवरून उठून आत आला आणि नाकेदारांच्या पाया पडायला वाकला. ते मागे सरले, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

ठकी चौकशीच्याच दिवशी आपल्या गावी गेली होती. काही दिवसांनी ती पुन्हा आली, लॅपटॉप न्यायला. तो तिच्या कंपनीचा, परत जमा करायचा होता. मी जिन्याखाली निरोप धाडला आणि नाकेदार स्वतः घेऊन आले. माझ्या टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते. दोघांनाही बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

"मूल कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे." तिने बॅग खांद्याला लावली. निघाली, आणि परत फिरली. "बाबा, तू खरं बोललास त्याचा मला राग नाही. बोलायलाच हवं होतं. पण तुला तीन दिवस माहीत होतं. तीन दिवस मी तुला वाढत होते, रोज विचारत होते, सापडलं का, आणि तू म्हणायचास, बघतोय. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी तुझ्याआधी उठून बोलले असते. माझ्या तोंडाने. मला तेवढं तरी करू द्यायचंस."

नाकेदारांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, तिला जवळ घेईल, काहीतरी करेल. मी मनात म्हणत होते, बोला हो, काहीही बोला.

"तपास चालू होता, ठकी," ते म्हणाले. "ज्याचा तपास चालू असतो त्याला सांगत नाहीत."

ठकीने मान हलवली. मग ती पायऱ्या उतरून फाटकाकडे गेली, पहारेकऱ्याने बॅग उघडायला सांगितली तशी तिने उघडून दाखवली, आणि तिचं दाखवून होईपर्यंत तिचे वडील माझ्या टेबलापाशी उभे होते.